‘बघू की’ म्हणजे हो, की नाही?

२०२१चा एप्रिल. आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, चौथीच्या वर्गात लसीकरण चाललं होतं. मी मूळचा करवीर तालुक्यातला, कोल्हापुरात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. कॉलेज बंद असल्यानं गावी होतो आणि नोंदणीच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचो. बाकांवर नऊ माणसं आधार कार्ड हातात धरून बसली होती आणि सिस्टर काही बाटली फोडत नव्हत्या. कोव्हिशील्डच्या एका बाटलीत दहा डोस. वरचं झाकण उडवलं की बाटलीवर पेनानं वेळ लिहायची, तिथून चार तासांत ती संपवायची, उरलं ते टाकायचं. साडेतीन वाजून गेले होते. नवांसाठी फोडली तर एक डोस वाया, आणि वाया गेलेल्या डोसाचा जाब वरून विचारला जायचा.

आशाताई दारात उभ्या राहून रस्त्यावर दहावं माणूस शोधत होत्या. तेवढ्यात आबा म्हशीला पाण्यावर घेऊन चाललेले दिसले.

“आबा, येतायसा न्हवं? एकच माणूस कमी पडाय लागलंय.”

“बघू की,” आबा म्हणाले आणि म्हशीच्या मागनं निघून गेले.

दहावा माणूस शेवटी मिळाला. सिमेंट उतरवायला आलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर. पण तेव्हापासून ते ‘बघू की’ माझ्या डोक्यात बसलंय. साथीच्या काळात लोक लस घ्यायला किती तयार आहेत, हे मोजायचा जगभर प्रयत्न झाला. त्या मोजणीत ‘हो’ होतं, ‘नाही’ होतं, ‘सांगता येत नाही’ असाही एक रकाना होता. आमचं ‘बघू की’ त्यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. लग्नाचं आवतान दिल्यावर आपल्याकडं माणूस ‘बघू की’ म्हणतो, तेव्हा तो पाऊस, भांगलण, गाडी, आणखी कोण कोण जाणार, या सगळ्यावर नजर ठेवून असतो. त्यानं ठरवलेलं नसतं आणि नाकारलेलंही नसतं. लशीच्या बाबतीत बहुतेक माणसं याच जागी उभी होती, असं मला वाटतं. ठाम नकार देणारे मोजके होते, पण त्यांचा आवाज मोठा असल्यामुळं तेच दिसले.

आधी आकडे बघू. जून २०२०मध्ये, म्हणजे लस बाजारात यायच्या बऱ्याच आधी, १९ देशांतल्या १३,४२६ लोकांना विचारलं गेलं होतं : सुरक्षित आणि गुणकारी ठरलेली लस आली तर घ्याल का? ७१.५ टक्के लोक ‘नक्की’ किंवा ‘बहुतेक’ घेऊ म्हणाले. चीनमध्ये हे प्रमाण ९० टक्क्यांच्या जवळ होतं, भारतात चारांतले साधारण तीन, आणि रशियात ५५ टक्क्यांच्याही खाली. पुढं दोनच महिन्यांत, ऑगस्ट २०२०मध्ये, जगात सगळ्यात आधी लस मंजूर केल्याचं जाहीर करणारा देश रशियाच होता. घरात पुरणपोळी तयार, पण पंगतीला बसायला माणसं नाहीत, अशी गत.

या पाहणीत एक मेख आहे. प्रश्न विचारला तेव्हा लस नव्हतीच. लोकांनी होकार दिला तो लस या कल्पनेला. खरी लस येते तेव्हा तिच्याबरोबर कंपनीचं नाव येतं, ताप येतो, रांग येते, शेजारणीचा अनुभव येतो. त्यामुळं तयारी हा माणसाचा गुणधर्म समजून मोजला की फसायला होतं. माणसाची उंची आज मोजली तर महिन्यानंतरही तेवढीच भरते. तयारी तशी नसते. ती पंचगंगेच्या पातळीसारखी असते.

पंचगंगेचं उदाहरण उगाच काढलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण घर सोडायचं की नाही, हे लोक या आकड्यांवर ठरवत नाहीत. ते २००५वर ठरवतात. “पाच साली पाणी आमच्या उंबऱ्याला लागून परत गेलं होतं,” हे वाक्य २०१९च्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या कितीतरी घरांत बोललं गेलं. त्या वर्षी पाणी २००५ची खूण ओलांडून वर गेलं, आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांतून माणसं बोटींनी काढावी लागली. दोन वर्षांनी, २०२१च्या जुलैत पाणी परत तसंच चढलं, तेव्हा बरीच घरं जनावरांसकट आधीच हलली होती. माणसं तीच, नदी तीच. बदलली होती ती भिंतीवरची खूण.

लशीचंही असंच झालं. १६ जानेवारी २०२१ला देशात लसीकरण सुरू झालं ते आरोग्य कर्मचाऱ्यांपासून. तेव्हा पहिली लाट ओसरली होती, लग्नं धूमधडाक्यात लागत होती, आणि खुद्द दवाखान्यांत काम करणाऱ्यांतही ‘तू घे आधी’ चाललं होतं. १ मार्चपासून साठीच्या पुढचे आले, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे सगळे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गात नऊ माणसं बसायची. महिनाअखेर ऑक्सिजनसाठी पळापळ सुरू झाली, गल्लीगल्लीत रुग्णवाहिका फिरायला लागल्या आणि त्याच वर्गाबाहेर पहाटे चारला चपला आणि पिशव्या रांगेत लागायला लागल्या. स्वतः घरी झोपायचं, चप्पल रांगेत. आता लसच नव्हती. मग ऑक्टोबर आला, रुग्ण कमी झाले, लस भरपूर झाली आणि बाक पुन्हा रिकामे. २१ ऑक्टोबरला देशात १०० कोटी डोस झाले, तरी नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ म्हणून लोकांच्या दारात जायची वेळ आलीच.

या चढ-उतारातली गोम अशी, की तयारी जेव्हा सगळ्यात जास्त असते तेव्हा उशीर झालेला असतो. लस टोचल्यावर शरीराला प्रतिकारशक्ती उभी करायला दोन-तीन आठवडे लागतात. दोन डोसांत बारा आठवड्यांचं अंतर धरलं, तर पूर्ण संरक्षण मिळेपर्यंत तीन महिने जातात. एवढ्यात लाट येऊन जाते. पाणी गल्लीत शिरल्यावर ट्रॅक्टर शोधायला निघण्यातला हा प्रकार. लस घ्यायची योग्य वेळ म्हणजे जेव्हा घ्यावीशी वाटत नाही ती वेळ. सांगायला सोपं आहे. नदी कोरडी असताना घरातलं धान्य माळ्यावर चढवणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं २०१४मध्ये लशीबद्दलच्या या कांकूंची तीन मुळं सांगितली. आपल्या भाषेत म्हणायचं तर बेफिकिरी, गैरसोय आणि अविश्वास. पुढं मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यात आणखी दोन जोडली : माणूस मनात करतो तो फायद्या-तोट्याचा हिशेब, आणि दुसऱ्यासाठी आपण काही करावं ही भावना. बेफिकिरीचं पुराच्या उदाहरणात आलंच. गैरसोयीकडं मात्र शिकलेल्या माणसांचं लक्ष जात नाही. अडाणीपणा म्हणून जे खपवलं जातं, त्यातलं निम्मं गैरसोयीच्याच खात्यावर टाकायला हवं.

इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार घ्या. बारा तासांची पाळी, मजुरी जेवढं कापड विणलं तेवढी. लस घेतल्यावर दीड-दोन दिवस अंग मोडून ताप आला, तर आठवड्याच्या पगारातले तेवढे पैसे गेले. सरकारच्या लेखी लस मोफत होती. त्याच्या लेखी तिची किंमत दोन पाळ्या होती. ऊसतोडीला आलेल्या मजुराचं तर त्याहून अवघड. पहिला डोस इकडच्या फडावर, दुसऱ्याच्या वेळी तो आपल्या गावी, आणि मोबाइल नंबर मुकादमाचा. बायकांचं आणखी वेगळं. फोन नवऱ्याकडं, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि ताप आला तर स्वयंपाक कोण करणार याचं उत्तर घरात कोणाकडंच नाही.

उलट बाजूही बघा. मे २०२१मध्ये अठरा ते चव्वेचाळीसच्या लोकांना ऑनलाइन वेळ घेणं सक्तीचं होतं. तेव्हा ज्यांच्याकडं वेगवान इंटरनेट आणि चपळ अंगठा, त्यांनी खेड्यातल्या केंद्रावरच्या वेळा धरल्या. शहरातल्या गाड्या खेड्यातल्या शाळेपुढं लागल्या आणि गावातली माणसं कट्ट्यावर बसून बघत होती. पुढं मेच्या मध्यात महाराष्ट्रानं लशीअभावी या वयोगटाचं लसीकरण थांबवलं. त्या कट्ट्यावरच्या माणसांना नंतर कुणी ‘लस घ्यायला तयार नाहीत’ म्हटलं असेल, तर ती मोजणी चुकीच्या जागी बसून केलेली म्हणायची.

परत आबांकडं येतो. तीन-चार दिवसांनी आशाताई त्यांच्या घरी गेल्या, सोबत मी. आबांनी चहा सांगितला आणि आम्ही विचारायच्या आधीच कारण दिलं. “आमच्या भाच्याचा सासरा लस घेतल्यावर चौथ्या दिवशी गेला. चांगला हिंडता-फिरता माणूस.”

आता यावर काय बोलायचं? अफवा म्हणावं, तर माणूस खरंच गेला होता. चौथ्या दिवशी गेला हेही खरं. माझा धंदा आकड्यांचा, म्हणून मी आबांच्या ओसरीवर खडूनं थोडा हिशेब मांडला. तोच इथं देतो.

कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार. आपल्या देशात साथ नसतानाही वर्षाला हजारी सहा-सात माणसं मरतात. भागाकार केला तर जिल्ह्यात रोज सत्तरच्या आसपास माणसं जातात. हृदयविकारानं, म्हातारपणानं, अपघातानं. त्यात वयस्क जास्त. आता समजा, साठीपुढच्या शंभर माणसांमागे वर्षाला चार जण जातात. एका आठवड्यात अशा दहा हजार जणांना आपण सुई टोचली, आणि सुईत लस न घालता नुसतं पाणी घातलं. तरीही पुढच्या सात दिवसांत त्यांतले सात-आठ जण जाणारच होते. त्या सात-आठ घरांत काय बोललं जाईल? ‘टोचून घेतलं आणि गेले.’ वाक्यातला प्रत्येक शब्द खरा, फक्त मधल्या ‘आणि’वर नसलेला भार पडतो.

मग लशीनं कुणाला खरंच अपाय झाला तर कळणार कसं? एका माणसावरून कळत नाही. मोजणी करावी लागते : सात-आठ जाणं अपेक्षित होतं, प्रत्यक्षात गेले किती? आठ गेले तर लशीचा संबंध दिसत नाही. तीस गेले तर थांबा, काहीतरी आहे. ही मोजणी नुसती कागदावर राहिली नाही. २०२१च्या वसंतात युरोपात ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्याकडच्या कोव्हिशील्डच्याच, लशीनंतर काही जणांना प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या झाल्याचं असंच पकडलं गेलं. प्रमाण लाखात एक-दोन. तरीही अनेक देशांनी काही दिवस लस थांबवली, आणि ब्रिटननं चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायला सांगितलं. हे लपवायची काही गरज नव्हती. ज्यांनी ‘लस शंभर टक्के निर्धोक’ म्हणून छातीठोक सांगितलं, त्यांनी पुढं बातम्या आल्यावर लोकांचा विश्वास आणखी घालवला.

आबांनी हिशेब नीट ऐकला. मग म्हणाले, “पर मास्तर, न घेता गेलो तर देवानं नेलं म्हणतील. घेऊन गेलो तर पोरानं मारलं म्हणतील.”

एवढ्या नेमक्या शब्दांत हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आपण काही केलं आणि नुकसान झालं, तर ते अंगाला लागतं. काही न करता तेवढंच किंवा त्याहून जास्त नुकसान झालं, तर ते नशिबाच्या नावावर जातं. मन असंच जोखतं. पोराला लस देणाऱ्या आईला हे सगळ्यात जास्त छळतं, कारण दंड पुढं करणारी तीच असते. न घेणं हासुद्धा एक निर्णय आहे आणि त्यालाही जोखीम आहे, हे कागदावर पटतं. पण त्या जोखमीला चेहरा नसतो, तारीख नसते, इंजेक्शनची जागा दुखत नसते.

आणि अविश्वास? त्यातला सगळाच बिनबुडाचा नव्हता. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ला मंजुरी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष आलेलेच नव्हते. घेणाऱ्याकडून वेगळं संमतिपत्र भरून घेत होते. त्या जानेवारीत ‘बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरला मी तरी अडाणी म्हणणार नाही. १ मार्चला पंतप्रधानांनी तीच लस घेतली, दोन दिवसांनी प्राथमिक निष्कर्ष आले आणि वातावरण बदललं. दुसरं उदाहरण दोन डोसांतल्या अंतराचं. कोव्हिशील्डचं अंतर आधी चार ते सहा आठवडे, मार्चच्या शेवटी सहा ते आठ, आणि १३ मेला एकदम बारा ते सोळा. त्याच वेळी देशभर लशीचा तुटवडा. गावात सरळ बोललं गेलं, “लस संपल्या, म्हणून तारीख पुढं ढकलत्यात.” खरं सांगायचं तर अंतर वाढवल्यानं परिणाम चांगला होतो, याला आधार होता. ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आतल्या अंतराला लशीचा परिणाम सुमारे ५५ टक्के आणि बारा किंवा जास्त आठवड्यांना सुमारे ८१ टक्के दिसला होता, आणि हे फेब्रुवारीतच छापून आलं होतं. तुटवडाही खरा आणि विज्ञानही खरं. पण फेब्रुवारीत ठाऊक असलेली गोष्ट मे महिन्यात, तुटवड्याच्या ऐन मध्यात सांगितली, की ती सबबीसारखीच ऐकू येणार.

विश्वासाचा हा इतिहास आपल्याकडं जुना आहे. १८९६ला मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरात घुसून प्लेगचे रोगी शोधत होते. लोकांचा राग एवढा पेटला की २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. कोल्हापुरातही शाहू महाराजांच्या कारकिर्दीत प्लेग आला आणि लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिले. रोगाची भीती होतीच, पण त्याहून सरकारी माणसाची धास्ती मोठी. १९०२मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस टोचली. एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं गेले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला होता, हे बाहेर येऊन त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ उजाडलं. आमच्या वर्गात सिस्टर प्रत्येक माणसाला नवी, एकदा दाबली की परत न ओढता येणारी सिरिंज त्याच्या डोळ्यासमोर फोडून दाखवायच्या. त्या फोडण्याच्या आवाजामागं असले दिवस आहेत.

माझ्या टेबलावरून दिसलेली आणखी एक गोष्ट. लस घेतल्यावर अर्धा तास बसून राहायचं, हा नियम रिॲक्शन आली तर उपचार करता यावेत म्हणून. आमच्याकडं त्या बाकानं वेगळंच काम केलं. बाक खिडकीला लागून होता आणि खिडकी दूध संस्थेच्या रस्त्यावर. संध्याकाळी किटल्या घेऊन जाणारी माणसं आत डोकावायची. पाटील बसलेत, रेशनवाल्या काकू बसल्यात, गावातले डॉक्टर स्वतः दंड धरून बसलेत, आणि सगळे जिवंत. फलकावरच्या सूचना कुणी वाचल्या नाहीत. बाक सगळ्यांनी वाचला. माणूस आपल्यासारख्या माणसाकडं बघून ठरवतो, आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं : तालमीतल्या एका वस्तादानं ‘आपल्याला कशाला’ म्हटलं, तर चाळीस पोरं तेच म्हणतात.

बक्षिसांचाही प्रयोग झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यानं लस घेणाऱ्यांत दर आठवड्याला दहा लाख डॉलरची सोडत काढली. नंतर अभ्यासकांनी आकडे तपासले, तर फारसा फरक दिसला नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात लोकांना फक्त एक संदेश पाठवला : तुमच्यासाठी लस राखून ठेवली आहे, इथं वेळ ठरवा. संदेश न मिळालेल्यांच्या तुलनेत शंभरामागे साडेतीन जास्त लोकांनी लस घेतली. आकडा छोटा वाटतो, पण एका संदेशाला खर्च काय येतो बघा, आणि त्यानं कुणाचं मत बदललेलं नाही हेही बघा. ज्यांचं आधीच ‘बघू’ होतं त्यांच्यापुढं फक्त एक तारीख ठेवली. आमच्या आशाताई हे कागदाच्या चिटोऱ्यावर करायच्या : नाव, वार, ‘दुपारी तीनच्या आत’.

‘दुसऱ्यासाठी घ्या’ हे सांगणं मात्र फसलं, आणि त्याचा दोष मी सांगणाऱ्यांना देईन. कल्पना सरळ आहे. एक रोगी सरासरी तिघांना रोग देत असेल आणि त्या तिघांतले दोघं आधीच सुरक्षित असतील, तर एकाचा एकच रोगी होतो आणि साथ वाढत नाही. म्हणून दोन तृतीयांश लोक सुरक्षित हवेत. गोवरात एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो, तिथं ९२ ते ९४ टक्के लागतात. पण हे गणित लस संसर्गच रोखत असेल तर नीट चालतं. कोरोनाच्या लशी मरणापासून आणि दवाखान्यापासून छान वाचवत होत्या. संसर्ग रोखण्यात डेल्टासमोर त्या कमी पडल्या आणि ओमायक्रॉनसमोर आणखीच. ‘लस घेतली की कोरोना होत नाही’ असं ज्यांनी सांगितलं होतं, त्यांचे श्रोते जानेवारी २०२२मध्ये दोन डोस घेऊन खोकत बसले होते. ‘झाला तरी मरणार नाही’ एवढंच सांगितलं असतं, तर ते टिकलं असतं.

आबांचं राहिलंच. हिशेब झाला, चहा झाला, आम्ही उठलो. आशाताईंनी उंबऱ्यात चप्पल घालता घालता विचारलं, “आबा, घ्यायची म्हटलीच, तर अडतंय कुठं?”

आबा गोठ्याकडं बघत म्हणाले, “मला ताप आला तर हिची धार कोण काढणार? ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई. म्हातारीला तर लाथ मारत्या.”

भाच्याचा सासरा खोटा नव्हता आणि देवाचं बोलणंही खोटं नव्हतं. पण अडलं होतं म्हशीपाशी. कारण सांगताना माणूस आधी लोकांत शोभणारं सांगतो. खरं कारण बहुतेक वेळा इतकं साधं असतं की सांगायलाच लाजतो, आणि ‘का घेत नाही?’ असं विचारलं तर ते कधीच बाहेर येत नाही. ‘का’ म्हटलं की माणूस वकील होतो. ‘कुठं अडतंय’ म्हटलं की गोठा दाखवतो.

शेजारचा दिनकर चार दिवस आबांबरोबर गोठ्यात बसला. म्हशीनं त्याला लावून घेतलं. शनिवारी आबा वर्गात आले, बाही वर सरकवली, तर दंडावर दोन गोल, जुन्या नाण्यासारखे वण. देवीच्या लशीचे. सिस्टर तरुण होत्या, त्यांनी विचारलं हे काय. आबा हसले. “देवी काढाय डॉक्टर यायचा. आमी कणगीत लपायचो. आईनं पायाला धरून ओढून काढलं हुतं.” त्या वणांच्या खाली दोन बोटं सोडून सिस्टरांनी सुई टोचली. आबा अर्धा तास खिडकीतल्या बाकावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत राहिले. दुसरा डोसही त्यांनी तारखेला घेतला, पूर ओसरल्यावर.

२०२२च्या जुलैत तिसरा, खबरदारीचा डोस ७५ दिवसांसाठी सगळ्या प्रौढांना मोफत केला होता. लस भरपूर होती, रांग नव्हती, ओटीपीची कटकटही कमी झाली होती. तरी देशभर पहिल्या दोन डोसांच्या मानानं फार थोड्या लोकांनी तो घेतला. आबांना मी रस्त्यात विचारलं, तिसरा घेतलासा का? पावसाची उघडीप होती, भाताची लावण चालू होती, म्हैस पुढं चालली होती.

“बघू की,” आबा म्हणाले.

मीही तोवर घेतला नव्हता.